सोभावात फरक

देवसिंगने जमनीच्या कानाखाली आवाज काढला तेव्हा सगळ्यात आधी हरखली ती शेजारची मैनाबाई. कुडावरून मान वर काढून ती ओरडली, "अव जमनी, हात उचलला व त्यानं! तुहा माणूस बरा झाला!"

जमनीचा डावा कान सुन्न झाला होता. ओठ दातावर आपटून फुटला होता आणि वांग्याची भाजी अंगणभर झाली होती. ती वाकून ताटली उचलायला गेली, तर कमरेत लाथ बसली आणि ती भाजीवरच तोंडघशी पडली. एवढं होऊनही, खरं सांगायचं तर, पडल्या पडल्या तिच्याही मनात तेच आलं. कालपरवापर्यंत ज्याला कूस बदलायला दुसऱ्याचे हात लागत, तो आज लाथ मारतो, म्हणजे डॉक्टरांच्या गोळीला यश आलं म्हणायचं.

दिग्रसहून पुसदकडे जाताना रस्त्यापासून आत त्यांचा बंजारा तांडा. देवसिंग ऐन उमेदीत तिथे दोन गोष्टींसाठी नावाजलेला. एक, होळीत लेंगीची गाणी म्हणत नाचायला लागला की बघणाऱ्यांचे पाय आपोआप हलत. दुसरी गोष्ट म्हणजे त्याचा हात. भाकर करपली, बैल सुटला, पावसाने दडी मारली, काहीही बिघडलं की जमनीची पाठ होतीच. घरातलं बोलणं गोरमाटी, बाहेरचं वऱ्हाडी, आणि देवसिंगच्या रागाला दोन्ही भाषा अपुऱ्या पडत. याचं कुणाला नवल वाटत नसे. तांड्याला नाक मुरडायचंही कारण नाही. शहरातल्या बंद दारांआड टीव्हीचा आवाज मोठा करून हेच चालतं, फक्त तिथे मैनाबाई नसते.

मग कंपवात आला. आधी अंगठा थरथरला, मग हात, मग पाय जमिनीत रुतायला लागले. डॉक्टरांनी नाव सांगितलं पार्किन्सन, तांड्याने त्याचं केलं 'पार्किंगची बिमारी'. आणि तांड्याचं काही चुकलंही नाही. माणूस खरंच गाडीसारखा खाटेवर लावून ठेवलेला असायचा. जमनी त्याला भरवी, धुई, उन्हात बसवी, सावलीत ओढी. ज्या हाताला ती उभा जन्म भ्याली, तो मांडीवर घेऊन त्याची नखं कापी. लोक म्हणत, बिचारीच्या नशिबी काय आलं. बिचारी मनातून सुखात होती. लग्नानंतर पहिल्यांदा ती चुलीपुढे पाठ दाराकडे करून बसू शकत होती. त्या सुखाची तिला लाज वाटायची, ही गोष्ट वेगळी.

तिचा मुलगा इंद्रजीत पुसदला खताच्या दुकानात कामाला होता. बापावर त्याचा जीव. बाप असा लाकूड होऊन पडलेला त्याला बघवेना. ऐकून ऐकून त्याने यवतमाळच्या मेंदूच्या डॉक्टर शोधल्या, मैत्रेयी मॅडम. वयाने लहान, पण रोग्याचं ऐकून घेणाऱ्या. त्यांनी आधीच्या मोठ्या गोळीला एक बारकी पांढरी गोळी जोडून दिली आणि समोर बसवून नीट समजावलं.

"या गोळीनं पाय मोकळे होतील. पण काही जणांना हिच्यामुळे नसलेली माणसं दिसतात, उगाच संशय येतो, राग आवरत नाही. स्वभावात जरा जरी फरक वाटला तर लगेच या. मात्र मनानं बंद करू नका. एकदम बंद केली तर जिवावर बेतेल."

इंद्रजीतने मान डोलावली. जमनीनेही डोलावली. हळूहळू गोळी वाढवत नेली आणि होळी येईतो देवसिंग खाटेवरून उठला. नुसता उठला नाही, तर तांड्याच्या मधोमध उभा राहून त्याने लेंगी म्हटली. पाय वेडेवाकडे पडत होते, मान झुलत होती, पण गडी नाचला. इंद्रजीतने मोबाईलवर ते सगळं उतरवून घेतलं आणि घेता घेता हुंदके देऊन रडला. होळी विझली, आणि थोड्याच दिवसांत ती कानाखालची बसली.

पुढच्या खेपेला मॅडमनी तो व्हिडिओ पाहिला आणि मनापासून हसल्या. मग विचारलं, "स्वभावात काही फरक?"

"नाही जी," इंद्रजीत म्हणाला. "बा पह्यल्यापासूनच तापट हाय. तसाच हाय."

मॅडम जमनीकडे वळल्या. "आई, तुम्हाला काही वाटतं?"

जमनीने आठवून पाहिलं. प्रामाणिकपणे आठवलं, बरं का. आधी मारायचा, मधे मारता येत नव्हतं, आता पुन्हा मारतो. यात फरक तो कोणता सांगायचा? "नाही बाई. होता तसाच हाय."

"आणि मनगटाला हे काय झालं?"

"बंब उचलतानी लागलं."

उत्तर खरं होतं, मनगटाचं सोडलं तर. आणि त्या खऱ्या उत्तरानेच घात केला. सकाळी अंग अजून आखडतं म्हणून मॅडमनी बारकी गोळी आणखी थोडी वाढवली.

त्यानंतर देवसिंगला पत्र्यावर पोरं दिसायला लागली. छपरावर बसून ती म्हणे त्याला वेडावत. तो दगड मारी. पत्रे दणाणत, सगळा तांडा बाहेर येई. एक दगड पत्र्यावरून उसळून सून शीलाच्या भुवईवर बसला, टाके घालावे लागले. मग एका सकाळी त्याने बकरीचं पिल्लू मागच्या पायांना धरलं आणि खाटेच्या खुरावर आपटलं. एकदा नाही, पिल्लू गप्प होईपर्यंत आपटलं. बकरी दाव्याला हिसके देत ओरडत होती. देवसिंगच्या लुंगीवर, छातीवर रक्ताचे शिंतोडे उडाले होते आणि तो शांतपणे म्हणाला, "माह्याकडं पाहून हासे थे."

शीलाने त्या दिवशी तोंड उघडलं. भुवईवर पट्टी, हातात अंगण धुवायची बादली. सासूला ती नवऱ्यासारखीच याडी, म्हणजे आई, म्हणे. "याडी, हे गोळीचं हाय. डॉक्टरीणबाईनं सांगतलं होतं ना?"

इंद्रजीत उसळला. "तुले काय माहीत बाचं? तू या घरात आली तवा थो पडेल होता. म्या पाह्यला हाय त्याले. याडीले बैलाच्या कासऱ्यानं झोडपे, मी खाटेखाली लपून बसो. हे काही नवीन नाही."

"मंग चांगलं हाय का हे?"

"चांगलं कोण म्हणते? पण थो उभा राह्यला शीला. माहा बा उभा राह्यला. गोळी काढली का पुन्हा लाकूड होते. तुले पाह्यजे का थे?"

शीलाने बादलीतलं पाणी रक्तावर ओतलं. जमनीने आपल्या मनाने एकदा प्रयोग करून पाहिला होता. दिवसभर बारकी गोळी दिलीच नाही, आणि भीतीच्या भरात मोठीही चुकवली. संध्याकाळपर्यंत देवसिंगचं अंग लोखंडासारखं कडक झालं, घामाच्या धारा लागल्या, तोंडातलं पाणी गिळता येईना. डोळे तेवढे तिच्याकडे लागलेले. ती इतकी घाबरली की दोन्ही गोळ्या चुरून, पाण्यात कालवून, चमच्याने थेंबथेंब घशात सोडल्या. म्हणजे गोळी द्यावी तर आपला जीव जातो, न द्यावी तर त्याचा. असा पेच ज्या बाईसमोर पडतो ती काय करते? घड्याळाकडे बघत वेळेवर गोळी देते आणि देऊन झाल्यावर चार पावलं लांब उभी राहते. जमनी तेच करत होती. गोळी चढायला लागली की त्याचे खांदे आधी सैल पडत, मग मान डुलायला लागे. मान डुलली की ती अंगणातली काठी, मुसळ, विळा सगळं उचलून आत ठेवी.

एवढी काळजी घेणारी बाई एका दुपारी कुऱ्हाड मात्र विसरली.

ती पऱ्हाटीच्या ढिगाशी बसली होती. कापसाची वाळलेली झाडं तोडून सरपण करायचं काम. ऊन डोक्यावर आलेलं, इंद्रजीत दुकानात, शीला हापशीवर. कुऱ्हाड बाजूला ठेवून जमनी मोळी बांधत होती. पाठीमागे पावलं वाजली म्हणून वळली, तर कुऱ्हाड देवसिंगच्या हातात.

गोळी पुरती चढली होती. त्याचं सगळं अंग वळवळत होतं, मान गरगरत होती, खांदा उडत होता. फक्त डोळे स्थिर होते आणि ते तिच्यावर होते.

"तू कुण छी?" त्याने विचारलं.

तू कोण. जमनीला वाटलं, थट्टा करतो. इतक्या वर्षांत कधी केली नव्हती, पण गोळी काय काय करील सांगता येत नाही. "मी. अजून कोण?" ती म्हणाली. "ठेवा थे खाली. लागंल."

"जमनीचं लुगडं काहून नेसली तू?"

ही थट्टा नव्हती. ती उठायला लागली. देवसिंगने कुऱ्हाड उलटी धरून तिच्या खांद्यावर घातली. पात्यामागचा बोथट तुंबा बसला आणि ती पऱ्हाटीत कोसळली. काड्या गालात, मानेत घुसल्या.

"जमनी कुठं हाय?"

"अवं, मीच जमनी!"

"खोटं बोलतं!" आणि दुसरा घाव आला. तिने हात आडवा घातला. हाड मोडल्याचा आवाज तिने स्वतः ऐकला, सुकी पऱ्हाटी मोडते तसाच. मग दुखणं आलं आणि तिच्या घशातून जी किंकाळी निघाली ती हापशीपर्यंत गेली. देवसिंग थांबला नाही. कुऱ्हाड हातात वळवळत होती, त्याला ती नीट पेलत नव्हती, म्हणूनच जमनी वाचली असं म्हणायला हवं. एक घाव जमिनीत रुतला. एक तिच्या मांडीवरून घसरत गेला आणि लुगडं फाडून रक्त काढून गेला. आणखी एक डोक्याच्या रोखाने आला, तिने मान फिरवली, आणि तो मोळीत बसला.

"कुठं ठेवली तिले? काय केलं तुनं तिचं? माही जमनी कुठं हाय?"

तो रडत होता. जमनीला आधी ते कळलंच नाही, रक्ताने आणि धुळीने डोळे भरले होते. मग दिसलं. देवसिंगच्या गालांवरून पाणी वाहत होतं, नाक वाहत होतं, तोंड वेडंवाकडं झालं होतं, आणि तो पोरासारखा हमसत कुऱ्हाड उगारत होता. त्याने तिच्यासाठी डोळ्यातून टिपूस काढल्याचं तिला आठवत नव्हतं. त्यांची लेक बाळंतपणात गेली तेव्हाही नाही. आणि आज तो तिच्यासाठी रडत होता, आणि तिलाच तोडत होता.

'मीच जमनी' म्हटलं की घाव पडतो, एवढं तिला उमजलं. मरणाच्या दारात माणसाला कुठून सुचतं कोण जाणे. ती ओरडली, "जमनी पाण्याले गेली! हापशीवर! आत्ता येते!"

कुऱ्हाड वरच राहिली.

"पाण्याले?"

"हाव. हंडा घेऊन गेली. येऊनच राह्यली. तुमी बसा. थे आली का तुमाले चा देते."

देवसिंगने कुऱ्हाड हळूहळू खाली केली. तो दोन पावलं मागे सरला, धुळीत फतकल मारून बसला आणि हापशीच्या वाटेकडे डोळे लावून वाट बघायला लागला. अंग तसंच वळवळत होतं. मधूनच बाहीने नाक पुसून तो म्हणे, "लय उशीर केला व तिनं." त्याच्यापासून दोन पावलांवर जमनी मोडका हात पोटाशी धरून पडली होती, मांडीचं रक्त मातीत जिरत होतं, आणि तिला हलायची हिंमत नव्हती. नवरा आपली अशी वाट बघतो, हे ती बघत होती. त्या क्षणी भीती जास्त होती की दुसरं काही, हे तिला विचारलं असतं तर तिने खरं सांगितलं नसतं.

शीला हंडा टाकून धावत आली, तिच्यामागे देवसिंगचा चुलत भाऊ अमरसिंग आणि निम्मा तांडा. अमरसिंगने मागून कव घालून त्याला धरलं. त्या हडकुळ्या अंगात कुठली ताकद आली होती देव जाणे, त्याने अमरसिंगच्या हाताचा लचका तोडला, एकाच्या पोटात गुडघा घातला. शेवटी चौघांनी मिळून त्याला खाटेवर पाडला आणि कासऱ्याने बांधला. बांधत असतानाही तो हापशीकडे मान वळवून ओरडत होता, "जमनी! ये जमनी!" मैनाबाई कुडाआड उभी होती. या खेपेला ती माणूस बरा झाला असं काही बोलली नाही.

हाताला प्लास्टर झालं, मांडीला टाके पडले, आणि दुसऱ्याच दिवशी अमरसिंगच्या जीपने सगळे यवतमाळला निघाले. देवसिंग मागच्या सीटवर झोपला होता. गोळी उतरलेली, अंग आखडलेलं, झाल्या गोष्टीची त्याला दादही नव्हती. आर्णी मागे पडल्यावर इंद्रजीत पुढून वळला.

"याडी, तिथं पडली म्हून सांगजो. कुऱ्हाडीचं नाव काढू नको. पोलिसात गेलं तं बाले कुठं नेऊन टाकतील, समजलं का?"

जमनी खिडकीबाहेर बघत होती. "हाव," ती म्हणाली.

आणि ती तसंच करणार होती, हे इथे सांगून टाकायला हवं. पोराच्या शब्दासाठी नव्हे. रात्रभर दुखण्याने डोळा लागला नाही, आणि कानात एकच आवाज घुमत होता. माही जमनी कुठं हाय. माही. तो शब्द त्या तोंडून पुन्हा ऐकायचा असेल तर गोळी राहायला हवी होती. बाईमाणसाचं मन असं खुळं असतं म्हणून कुणी हसेल. त्याने आधी जन्मभर कुणाच्या तोंडून एका शब्दाची वाट पाहावी, मग हसावं.

मॅडमनी प्लास्टर पाहिलं, गालावरचे ओरखडे पाहिले, खुर्चीत कलंडलेल्या देवसिंगकडे पाहिलं. "काय झालं?"

"पडली," इंद्रजीत म्हणाला. "पऱ्हाटीवर."

"आणि यांच्या मनगटांना वळ कसले?" देवसिंगची बाही वर सारत त्यांनी विचारलं.

शीला नवऱ्याकडे बघायला लागली.

"मी मागेही विचारलं होतं," मॅडम म्हणाल्या. "यांच्या स्वभावात काही फरक..."

"नाही जी. बा पह्यल्यापासूनच..."

"हाय," जमनी म्हणाली.

तिचा आवाज इतका चढला होता की दाराबाहेरचे रोगी आत डोकावले. ती खुर्चीवरून उठून उभी राहिली होती. का उठली ते तिला नंतरही सांगता आलं नाही. मुलगा पुन्हा तेच वाक्य बोलायला लागला आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली, एवढंच.

"फरक हाय बाई. माहा पोरगा खोटं नाही बोलून राह्यला. हा माणूस पह्यल्यापासून मारते. पण पह्यले मले पाहून मारे. तोंडावर मारलं तं लोकायले दिसते म्हून पाठीत मारे. रगत निघालं का थांबे. दुसऱ्या दिवशी काम करता आलं पाह्यजे, इतकंच मारे. सारा हिसाब राहे त्याचा. आता त्याले मी दिसतच नाही. मले म्हणते, तू कोण? माही जमनी कुठं नेली? आन् कुऱ्हाड घालते. पह्यले थो मले मारे. आता माह्यासाठी मारते."

इंद्रजीतने मान खाली घातली होती आणि त्याचे कान लाल झाले होते. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"मी चुकीचा प्रश्न विचारत होते," त्या म्हणाल्या. "हे मारतात का, असंच विचारायला हवं होतं. आई, कुऱ्हाड घेऊन आला तो हा आजार नाही. ती गोळी आहे. ती कमी करत करत काढू. चालणं थोडं मंदावेल, पण मोठ्या गोळीच्या वेळा बदलून तेही सांभाळता येईल. हे भास, हे न ओळखणं, बहुतेक सगळं जाईल."

"रडणं?" जमनीने विचारलं.

"म्हणजे?"

"माह्या नावानं रडते थो. तेबी जाईल का?"

मॅडम म्हणाल्या, "गोळीमुळे असेल तर जाईल."

जमनीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते लपवलं नाही. "काढा," ती म्हणाली.

गोळी उतरवायचे दिवस सोपे नव्हते. देवसिंग चिडे, थुंके, अंग आखडलं की गुरासारखा हंबरे. एकदा त्याने शीलाच्या हाताला असा चावा घेतला की दात उमटले. इंद्रजीतने आठवडाभर दुकानातून रजा काढली आणि रोज बापाशेजारी अंथरूण टाकलं. एकदा तो आईच्या प्लास्टरकडे बघत उठला आणि त्याने तिची मोळी उचलून चुलीपाशी नेली. हळूहळू पत्र्यावरची पोरं गेली. देवसिंगचा आवाज खाली आला. तो काठी टेकत संथपणे अंगणात फिरायला लागला, पूर्वीसारखा नाचता येईल असा नाही, पण स्वतःच्या पायांनी. आणि एका सकाळी त्याने खाटेवर बसून चुलीकडे बघत हाक मारली, "जमनी, चा आण."

तिचे हात थांबले. त्याने ओळखलं होतं. शीलाने हसून तिच्याकडे पाहिलं, इंद्रजीत अंथरुणावर उठून बसला. जमनीने डाव्या हाताने कपबशी उचलली, उजवा अजून गळ्यात बांधलेला. घरात सगळ्यांचे चेहरे उजळले होते आणि तिचाही उजळला होता, मात्र तिला आत कुठेतरी कुणी गेल्यासारखंही वाटत होतं. ती त्याच्यासमोर वाकली. एका हाताने बशी तिरपी झाली आणि चहा त्याच्या मांडीवर सांडला.

देवसिंगने तिच्या तोंडाकडे पाहिलं. नीट पाहिलं, ओळखून. मग हात उचलला आणि तिच्या गालावर मारला. हात थरथरत होता, जोर फारसा नव्हता. "डोळे फुटले का तुहे?" तो म्हणाला.

इंद्रजीत अंथरुणावरून उडीच मारून आला. "याडी, बस तू. मी मॅडमले फोन लावतो. गोळी अजून उरली असंल अंगात."

"नको लावू," जमनी म्हणाली. "हे गोळीचं नाही."

ती इतकी शांत होती की शीला घाबरली. जमनीने कपबशी खाली ठेवली, सरळ उभी राहिली आणि डावा हात जितका मागे जाईल तितका मागे नेऊन देवसिंगच्या कानाखाली ठेवून दिली. त्याची मान फिरली. काठी हातातून सुटून खणखणत गेली. तो एका अंगावर कलला, तिने त्याला छातीशी धरून सरळ बसवला, आणि दुसरी दिली. त्याच्या ओठातून रक्त आलं. तो तिच्याकडे तोंड उघडं टाकून बघत राहिला.

"याडी!" इंद्रजीतने तिचा हात धरला. "बिमार माणूस हाय थो! बिमाराले मारतं का कोणी?"

जमनीने हात सोडवून घेतला. नवऱ्याचं नाव तिने लग्नाच्या दिवसापासून तोंडातून काढलं नव्हतं. तांड्यातली कुठली बाई काढत नाही.

"बिमाराले नाही मारलं," ती म्हणाली. "देवसिंगले मारलं."

मग तिने पदराने त्याच्या ओठाचं रक्त पुसलं, मोठ्या गोळीची वेळ झाली होती ती त्याच्या जिभेवर ठेवली, आणि तो गिळेपर्यंत पाण्याचा पेला त्याच्या तोंडाशी धरून उभी राहिली.